अपुरा प्रयत्न

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी कोच गित्ते मॅडमनी शिवकन्याच्या मानेवरची जुनी पट्टी काढली, जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि नवी चिकटवली. पट्टी बोटाच्या पेराएवढी, कातडीच्याच रंगाची. लावताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आठवडाभर तिची आठवणही राहत नाही. मॅडमनी टॅबलेटवर नजर टाकली.

"ब्याण्णव. झोप छान झालेली दिसतेय."

"झोप नाही लागली मॅडम. साडेतीनपासून जागीच आहे."

"ब्याण्णव आहे," मॅडम पुन्हा म्हणाल्या आणि त्यांनी डबी बंद केली. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

शिवकन्या लोमटे चौतीस वर्षांची होती. अंबाजोगाईची. सोळा वर्षं ती चालण्याच्या शर्यती खेळत होती आणि खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरीला होती. उद्या अल्माटीत जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन चाल होती, बेचाळीस किलोमीटरांची. ही आपली शेवटची मोठी शर्यत, हे तिला ठाऊक होतं आणि मॅडमनाही. दोघींनी तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

पट्टी आली त्याला सात वर्षं झाली होती. त्याआधी माणूस दमतो म्हणजे त्याचे स्नायू संपतात, असंच सगळे धरून चालत. पण स्नायू संपण्याच्या कितीतरी आधी मेंदूच माणसाला थांबवतो. घरातलं धान्य संपायच्या आधी घरधनीण हात आखडता घेते, तसं. जीव धोक्यात येऊ नये म्हणून मेंदू अंदाजानं थोडं राखून ठेवतो आणि अंगाला सांगतो, बास आता. हा अंदाज फार भित्रा असतो, असं प्रयोगांत दिसलं. कोसळलेल्या धावपटूंच्या अंगात पाव हिस्सा ताकद तशीच पडून असायची. पट्टीच्या केसाहून बारीक सुया कातडीखालच्या पाण्यातली साखर, मीठ आणि आम्ल मोजत, मानेतल्या मज्जातंतूतून जाणारे संदेश टिपत आणि चाळीस दिवसांत त्या माणसाच्या शरीराचा सगळा हिशोब शिकून घेत. मग एक आकडा दिसे. शंभर म्हणजे भरलेला माणूस. बाराच्या खाली जिवाला धोका. तिथं पंच खेळाडूला बाजूला काढत.

पट्टी खोटं सांगत नव्हती, हे इथंच सांगून टाकायला हवं. ती आल्यापासून लांबच्या शर्यतींत उष्माघातानं एकही खेळाडू दगावला नव्हता. जुने विक्रम पालापाचोळ्यासारखे उडाले होते. पण तिच्या पाठोपाठ एक नियमही आला. आकडा तिसाच्या वर असताना कुणी शर्यत सोडली किंवा जाणूनबुजून वेग पाडला, तर तो 'अपुरा प्रयत्न' ठरे. त्याची चौकशी होई आणि बंदी येई. शर्यत चालू असताना प्रत्येकीचा आकडा पडद्यावर दिसे, आणि प्रेक्षक घड्याळाआधी तो बघत.

संध्याकाळी शिवकन्यानं घरी फोन लावला. आई अंबाजोगाईत खानावळ चालवायची. मेडिकल कॉलेजच्या पोरांचे डबे. पलीकडून परातीत पीठ थापल्याचा आवाज येत होता.

"काय करायलीस?"

"भाकऱ्या. आज अठ्ठावन डबे हायेत. दोन पोरं गावाकडं गेलीत."

"दमली असशील आई."

"थांब, बघून सांगते."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. हात धुतल्याचा आला. मग आई परत आली.

"चौसष्ट. नाही गं, नाही दमले."

आईनं उद्याची वेळ विचारली, तिकडं थंडी आहे का विचारलं, आणि तवा तापलाय म्हणून फोन ठेवला.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आई रोज फोनवर म्हणायची, "लई दमले गं बाई आज." ते ऐकून शिवकन्याचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून तिनंच ही पट्टी घरी पाठवली होती. आईचा आकडा सहासष्ट आला, डॉक्टरांनी काही काळजी नाही म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. आकडा चांगला येतोय म्हटल्यावर भावानं, नागनाथनं, चाळीसाचे साठ डबे केले. त्यानंतर आई कधीच दमले म्हणाली नाही. शिवकन्यानं हे बरं लक्षण धरलं होतं. आज पलंगाच्या कडेवर बसून ती कितीतरी वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिली.

सकाळी साडेसहाला शर्यत सुटली. रुंद रस्ता, दुतर्फा ओकची उंच झाडं, दक्षिणेला बर्फाचे डोंगर, आणि हवा अशी की तोंडातून वाफ निघावी. दोन किलोमीटरांची फेरी, तशा एकवीस. एकतीस जणी होत्या.

चालण्याच्या शर्यतीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक पाय कायम जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे. आणि पुढं टाकलेला पाय, तो टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत, गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे. चुकलं की पंच लाल कार्ड देतो. तीन कार्डं झाली की दंडाच्या जागेत चार मिनिटं उभं राहायचं. चौथ्याला बाहेर. पळावंसं वाटत असताना न पळणं हाच हा खेळ. लोक त्याला हसतात. शिवकन्याच्या गल्लीतही पहिली दोन वर्षं पोरं तिच्या मागं कंबर हलवत चालायची.

दर फेरीला पाण्याच्या टेबलाशी मॅडम उभ्या असत. एका हातात बाटली, दुसऱ्यात टॅबलेट.

"ऐंशी. छान चाललंय."

"त्र्याहत्तर. खांदे सैल सोड."

"सदुसष्ट. चौथी आहेस, चौथी."

शिवकन्या बाटली घेई, दोन घोट पिई, फेके. पुढं एक चिनी, एक स्पॅनिश आणि एक एक्वादोरची बाई होती. एक्वादोरची दमत चालली होती, म्हणजे पडद्यावर तिचा आकडा चाळिसाला आला होता. शिवकन्याचा अजून अठ्ठावन. कागदावर पदक तिचंच होतं. अंबाजोगाईत नागनाथनं खानावळीतल्या पोरांना टीव्हीपुढं बसवलं असणार, हेही तिला दिसत होतं.

आणि ती दमली होती. पाय दुखत नव्हते, पोटात कळ नव्हती, श्वासही नीट चालत होता. पण आत कुठंतरी कुणी खाली बसलं होतं आणि उठायला तयार नव्हतं. हे आजचं नव्हतं. बहुधा दोन वर्षांचं होतं, किंवा सोळा. पहाटे चारला उठणं, तोलून जेवणं, मोजून झोपणं, नवऱ्याशी फोनवर संसार करणं आणि तो मोडल्यावर फोनवरच सह्यांची बोलणी करणं. प्रत्येक वेळी तिनं मानेवरच्या पट्टीला हात लावून फोनवर आकडा बघितला होता, आणि प्रत्येक वेळी तो चांगला आला होता.

तीस किलोमीटरला मॅडम ओरडल्या, "त्रेपन्न. आत्ता ढकल. ती संपलीय."

शिवकन्यानं ढकललं. पाचशे मीटरांत तिनं एक्वादोरच्या बाईची पाठ गाठली, आणि तेवढ्यात तिचा उजवा गुडघा वाकू लागला. तिला ते कळलं. सोळा वर्षांत जो गुडघा झोपेतही वाकला नसता, तो वाकत होता, आणि तो सरळ करायचा कंटाळा आला होता. पाय जमिनीवरून सुटल्याची दोन लाल कार्डं आधीच झाली होती. वळणावरच्या पंचानं तिसरं दिलं.

दंडाची जागा म्हणजे रस्त्याकडेला दोरीनं आखलेला चौकोन. पांढऱ्या केसांची तिथलीच एक कझाख बाई घड्याळ घेऊन उभी होती. तिनं हाताचा तळवा दाखवला. थांब.

शिवकन्या उभी राहिली.

तिला थांब म्हणून कुणी सांगितल्याला किती वर्षं झाली असतील, हे तिला आठवेना. पुढून बायका जात होत्या, पाचवी, सहावी, सातवी, बुटांचे चटचट आवाज करत. पदक गेलं होतं. वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिचे खांदे आपोआप खाली आले आणि डोळे भरून आले, आणि ती दोरीच्या आत उभी राहून, हात दोन्ही बाजूंना सोडून, शांतपणे रडली. कझाख बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चार मिनिटं झाल्यावर तिनं तळवा खाली घेतला, पण लगेच नाही. दोन-तीन सेकंद जास्तच दिली असतील. मग हळूच मान हलवली, जा.

पुढच्या वेळी टेबलाशी मॅडमचा चेहरा लाल झाला होता. "एकोणपन्नास आहे. दहा किलोमीटर आहेत. बारावी आहेस, आठवी येशील. ऊठ, चल."

"मॅडम, मी दमलेय," शिवकन्या म्हणाली आणि बाटली घेऊन पुढं गेली.

एका फेरीला दहा मिनिटं लागत. बोलायचं ते एका वेळी एकच वाक्य, मग दहा मिनिटं त्याचा विचार. पुढच्या फेरीला मॅडमनी न बोलता टॅबलेट तिच्यासमोर धरला. सत्तेचाळीस.

"दमलेय म्हणते ना."

त्याच्या पुढच्या फेरीला मॅडम टेबलाच्या पुढं येऊन उभ्या होत्या. "कुठं दुखतंय? पाय? पोट?"

"कुठंच नाही."

मागं वळून बघणं शर्यतीत बरं नसतं, पण ती वळली. गित्ते मॅडम रस्त्याकडेला उभ्या होत्या आणि टॅबलेटकडे बघत नव्हत्या. बारा वर्षं त्या तिला शिकवत होत्या. परळीच्या करड्या बाई. कुणाची सबब कधी ऐकून न घेणाऱ्या. पट्टी आली तेव्हा बाकीचे कोच कुरकुरले होते. मॅडमनी मात्र ती पहिल्या दिवशी स्वतःच्या मानेवर लावून घेतली होती.

एकोणिसाव्या फेरीला टॅबलेट टेबलावर पालथा होता. मॅडमच्या हातात नुसती बाटली होती. बाटली देताना त्या तिच्याबरोबर चार पावलं चालल्या.

"किती दमलीस गं?"

इतक्या वर्षांत कुणी शिवकन्याला हा प्रश्न विचारला नव्हता.

"लई."

"मग हळू चाल," मॅडम म्हणाल्या.

प्रत्येक टेबलावर प्रक्षेपणाचा मायक्रोफोन लावलेला होता. ते मॅडमना माहीत होतं. शिवकन्यालाही होतं, आणि म्हणूनच तिनं पुन्हा एकदा मागं वळून पाहिलं.

शेवटच्या दोन फेऱ्या ती हळू चालली. बाकीच्या जणी तिला मागं टाकत गेल्या. तिनं गुडघा सरळ ठेवला, पाय जमिनीवर ठेवला, आणि बाजाराला निघालेल्या बाईच्या चालीनं दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या. पडद्यावर तिच्या नावापुढचा सेहेचाळीस लाल होऊन लुकलुकत होता. गर्दीतून काही शिट्ट्या आल्या. ती चोविसावी आली. रेषेपलीकडे जिंकलेल्या बायका जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. तिला आडवं व्हायला कुणी जागा दिली नाही, मग ती उभीच राहिली.

दुपारी दोनला हॉटेलच्या छोट्या खोलीत चौकशी झाली. भारतीय संघाचे व्यवस्थापक वर्टीकर टेबलापलीकडे बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना आठ दिवसांत अकरा खेळाडूंचे असले अर्ज भरावे लागले होते आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"कारण निवडायचंय," ते म्हणाले. "दुखापत, आजारपण, उष्णता, साधनातला बिघाड, कौटुंबिक आपत्ती. मॅडम, आजारपण टाकू? पोट बिघडलं म्हणू. मी डॉक्टरांशी बोलतो."

"पोट बिघडलं नव्हतं," शिवकन्या म्हणाली.

"ते मला कळतंय गं. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"ती दमली होती," गित्ते मॅडम म्हणाल्या. "तसं लिहा."

"तसा पर्याय नाही यात. आधी असायचा. तीन वर्षांपूर्वी काढला."

"मग 'इतर' असेल."

वर्टीकरांनी बोट वर-खाली फिरवलं. 'इतर' अगदी तळाशी होतं. त्यांनी ते दाबलं, पण लिहिलं काही नाही. त्यांनी टॅबलेट बाजूला सारला आणि चष्मा काढला.

"मॅडम, सेहेचाळीस आकडा आहे. हे लिहिलं तर हिला दीड वर्षाची बंदी आहे, म्हणजे हिचं संपलंच. रेल्वेतली बढती अडकेल. आणि तुमचं 'हळू चाल' सगळ्या जगानं ऐकलंय. तुमचा परवाना जाईल. मी म्हणतो, मायक्रोफोनात नीट ऐकू आलं नाही, तुम्ही दुसरंच काही म्हणालात..."

"माझाच आवाज आहे तो. आणा इकडं."

मॅडमनी टॅबलेट ओढून घेतला. एका बोटानं, सावकाश, अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं: खेळाडू दमली होती. मग खाली सही केली आणि तो शिवकन्यापुढं सरकवला. शिवकन्यानंही सही केली. वर्टीकरांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "मीसुद्धा," ते म्हणाले, पण वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. बंदी आली, आणि शिवकन्या पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. मॅडमना राष्ट्रीय शिबिरातून काढलं; त्या परळीला जाऊन शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या. वर्तमानपत्रांत दोन दिवस दोघींच्या नावानं वाईट छापून आलं, मग ते थांबलं. शिवकन्यानं घरी जाऊन नागनाथशी कडाक्याचं भांडण काढलं आणि डबे चाळीसवर आणले. आईनं मात्र पट्टी काढली नाही. सवय झालीय म्हणाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी, चौकशी आटोपल्यावर, दोघी शर्यतीच्या रस्त्यावर गेल्या. जायचं कुठं हे ठरलं नव्हतं, पाय तिकडं वळले. मजूर कठडे उचलून ट्रकमध्ये टाकत होते. पाण्याचं टेबल गेलं होतं. दोघी एका बाकावर बसल्या. मॅडमनी पिशवीतून दशम्या काढल्या, परळीहून आणलेल्या, आता चिवट झालेल्या. एक तिला दिली.

"मॅडम, तुम्ही का केलंत असं? मी तर संपलेलीच होते. तुमची अजून दहा वर्षं होती."

मॅडमनी दशमीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा एकदा चौदाव्या किलोमीटरला बसले होते. आशियाई स्पर्धेत. वीस किलोमीटरची चाल. तिसरी होते. रस्त्यावरच बसले आणि उठलेच नाही. तुला कधी सांगितलं नाही मी."

"नाही."

"कुणालाच नाही. तेव्हा पट्टी नव्हती. सगळे म्हणाले, तिनं जीव तोडून प्रयत्न केला. मीही तेच धरून चालले. मग पट्टी आली, आणि मी एका शास्त्रज्ञ बाईंकडे गेले. माझ्याजवळ त्या शर्यतीतल्या, छातीचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याच्या नोंदी होत्या, शर्यतीनंतरच्या रक्ताचे कागद होते, चित्रफीत होती. म्हटलं, यावरून काढता येईल का माझा आकडा. त्यांनी काढून दिला. एकतीस."

ट्रकमध्ये कठडा पडल्याचा आवाज झाला. मॅडम थांबल्या आणि तो विरल्यावर पुन्हा बोलल्या.

"एकतीस. सहा किलोमीटर सहज झाले असते. पदक होतं ते. सात वर्षं मी उठते तेव्हा पहिला तोच आकडा आठवतो. की तू आळशी होतीस. तू लबाड होतीस. म्हणून तुम्हा पोरींच्या मागं हात धुऊन लागले, की तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला हे यायला नको." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आज तू दंडाच्या चौकोनात उभी होतीस ना, तेव्हा पडद्यावर तुझं तोंड दाखवत होते. मी ते तोंड ओळखलं. मी रस्त्यावर बसले होते तेव्हाच्या फोटोत माझं तसंच आहे."

शिवकन्यानं त्यांच्या हाताकडे पाहिलं. पन्नाशीला आलेल्या बाईचा हात, घड्याळाचा पट्टा रुतलेला.

"मग त्या एकतिसाचं काय करायचं आता?" तिनं विचारलं.

"करायचं काय. तो बरोबरच आहे." मॅडमनी दशमीचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "पण मी दमले होते गं."

डोंगरावरचं ऊन उतरलं होतं. मजुरांनी शेवटचा कठडा चढवला आणि ट्रक निघून गेला. उठायला हवं होतं, जेवायची वेळ झाली होती. दोघींपैकी कुणी उठलं नाही.